डोंगर विकला नाही, डोंगराखालचं विकलं : अ‍ॅपलेशियातली कोळसागावं

अबोली

गेली अकरा वर्षं मी वेस्ट व्हर्जिनियाच्या दक्षिण भागात एका दवाखान्यात श्वसनाच्या चाचण्या घेते. समोरचा माणूस नाकाला चिमटा लावतो, छाती भरून श्वास घेतो आणि नळीत जोर लावून फुंकतो. मी शेजारी उभी राहून 'अजून, अजून, अजून' म्हणत असते. धडधाकट माणसाला सहा सेकंद फुंकणं सहज जमतं. माझ्याकडे येणारे बरेचजण दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदालाच खोकायला लागतात. त्यात सत्तरीचे आजोबा असतात, तसे पंचेचाळिशीचे बापेही असतात. सगळे कोळसा खाणीतले. या आजाराला इथे सगळे 'ब्लॅक लंग' म्हणतात, काळं फुप्फुस.

मागच्या महिन्यात असेच एक आजोबा चाचणी झाल्यावर दम खात बसले होते. मी भारतातली आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे शेत विकलं की खालचा दगडही विकला जातो का?" मला उत्तर देता आलं नाही. मग ते म्हणाले, "आमच्या पणजोबांनी शेत विकलंच नव्हतं. खालचं तेवढं विकलं होतं."

त्या एका वाक्यामागे काय आहे ते मी तेव्हापासून शोधतेय. जे हाती लागलं ते इथे मांडते. माझा व्यवसाय इतिहासाचा नाही, त्यामुळे चुकलं तर हक्काने सांगा.

अमेरिकेच्या पूर्वेला उत्तर-दक्षिण पसरलेली अ‍ॅपलेशियन डोंगररांग आहे. वेस्ट व्हर्जिनिया, पूर्व केंटकी आणि व्हर्जिनियाचा नैऋत्य कोपरा हा तिचा कोळशाचा गाभा. सह्याद्रीसारखे उभे कडे इथे नाहीत. झाडीने भरलेले गोलसर डोंगर एकमेकांना चिकटून उभे आहेत आणि मधे चिंचोळ्या घळी. या घळींना इथले लोक 'हॉलर' म्हणतात. एका हॉलरात एक ओढा, एक रस्ता आणि ओढ्याकाठी घरं, याहून जास्त जागाच नसते. १८७० पर्यंत इथली माणसं मका पिकवत, डुकरं पाळत, जंगलातून जिनसेंगची मुळं गोळा करून विकत. रोख पैसा कमी होता, पण जमीन स्वतःची होती.

मग रेल्वे आली. चेसापीक अँड ओहायोचा मार्ग १८७३ मध्ये पूर्ण झाला. नॉरफोक अँड वेस्टर्नची पहिली कोळसागाडी १८८३ मध्ये पोकाहाँटस गावातून समुद्राकडे निघाली. तिथल्या थरातला कोळसा कमी धुराचा, भरपूर उष्णता देणारा, आगबोटींना आणि नौदलाला हवा तसा. पण रेल्वेच्या आधी, काही ठिकाणी रेल्वेबरोबरच, दुसरी माणसं या घळींत शिरली होती. ती खाणवाली नव्हती, दस्तऐवज घेऊन फिरणारी होती.

पूर्व केंटकीत त्यातलं सर्वांत ठळक नाव जॉन मेयो. हा मुळात शाळामास्तर. घरोघर जाऊन तो 'जमिनीखालच्या' हक्काची खरेदी करायचा. एकरामागे कुठे पन्नास सेंट, कुठे काही डॉलर. वर नांगरायला, राहायला, झाडं तोडायला जमीन तुमचीच राहील, फक्त खालचं खनिज आमचं, असा सौदा. शेतकऱ्याला वाटलं, न दिसणाऱ्या दगडाचे पैसे मिळतायत. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी सहीच्या जागी फुली मारली.

या दस्ताला 'ब्रॉड फॉर्म डीड' म्हणतात. त्यातला मजकूर फार मोठा होता. खनिज काढण्यासाठी 'आवश्यक आणि सोयीचं' जे काही असेल ते करायचा हक्क खरेदीदाराला. रस्ता काढायचा, लाकूड वापरायचं, पाणी वळवायचं, आणि यातून वरच्या जमिनीचं नुकसान झालं तर भरपाई मागायची नाही. लिहून देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेव्हा काय होतं? डोंगराच्या कुशीत एक बीळ आणि खेचराची गाडी. साठ-सत्तर वर्षांनी बुलडोझर आला आणि त्याच कागदाच्या जोरावर त्याने नातवंडांची मक्याची शेतं आणि घरामागचा उतार खरवडून काढला. केंटकीच्या न्यायालयांनी दशकानुदशकं हे दस्त कंपन्यांच्या बाजूने वाचले. शेवटी नोव्हेंबर १९८८ मध्ये लोकांनी मतदान करून राज्याची घटनाच बदलली. आता जमीनमालकाच्या संमतीशिवाय अशा जुन्या दस्तावर उघडी खाण करता येत नाही. दुरुस्तीच्या बाजूने ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली.

मला जे म्हणायचंय त्याचा गाभा हाच आहे. 'एवढा कोळसा असून लोक गरीब कसे?' असं इथल्या डोंगराबद्दल नेहमी विचारलं जातं. त्यावर आळस, अडाणीपणा, दारू अशी उत्तरं मी सुशिक्षित लोकांच्या तोंडून ऐकली आहेत. पण पहिली टोपली बाहेर पडण्याआधीच कोळसा फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क, बॉस्टनच्या मालकीचा झाला होता. डोंगरातल्या माणसाकडे विकायला फक्त अंगमेहनत उरली.

ती मेहनत कशी मोजत, तेही सांगते. खाणीतला 'लोडर' दिवसावर नव्हे, टनावर कमवायचा. पहाटे आत जायचं, सुरुंगाची भोकं पाडायची, कोळसा पाडायचा, फावड्याने गाडीत भरायचा आणि गाडीला आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. बाहेर कंपनीचा माणूस वजन करणार. गाडीला कडेने फळ्या ठोकून उंची वाढवायची आणि पैसे मात्र जुन्या मापाने द्यायचे, ही सर्रास तक्रार होती. गाडीत दगड निघाला की कापणी. छताला लाकडी टेकू देणं, पडलेला दगड हटवणं, पाणी उपसणं या कामाचे पैसेच नाहीत. त्याला 'डेड वर्क' म्हणायचे. म्हणजे जीव वाचवणारं काम फुकट आणि जीव धोक्यात घालणाऱ्या कामाला दाम. छत कोसळून इतकी माणसं का मेली, याचं एक उत्तर या हिशोबातच आहे. स्फोटांच्या बातम्या मोठ्या होत, पण वर्षानुवर्षं एकेक-दोनदोन करून माणसं मारली ती छतानेच.

स्फोटांतला सर्वांत भीषण ६ डिसेंबर १९०७ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या मोनोंगाचा. ३६२ माणसं गेल्याची अधिकृत नोंद आहे. त्यात इटलीच्या मोलिसे आणि कालाब्रिया भागातले कितीतरी तरुण होते. तिकडच्या गावांत आजही त्या दिवसाची आठवण पाळतात. अमेरिकेचं खाण खातं, ब्यूरो ऑफ माइन्स, त्यानंतर १९१० मध्ये निघालं.

राहायचं घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, डॉक्टर कंपनीचा, चर्चच्या पाद्र्याच्या पगारातही कंपनीचा हात. पगाराआधी उचल हवी तर 'स्क्रिप' मिळे, म्हणजे कंपनीची स्वतःची नाणी, कंपनीच्याच दुकानात चालणारी. काम सुटलं की घर सुटलं. वेस्ट व्हर्जिनियाच्या न्यायालयांनी तर खाणकामगार हा भाडेकरू नाही, त्याचं घरात राहणं हा मालक-नोकर नात्याचा भाग आहे, असं धरलं. त्यामुळे भाडेकरूला मिळणारी मुदतही त्याला नाही. संप झाला की सामान रस्त्यावर आणि बायकामुलं तंबूत.

संपांबद्दल अजून लिहायचंय, पण चाचण्यांची वेळ झाली. तुमच्यापैकी कोणी खाणींच्या भागातलं असेल तर त्या आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर मला हवंय.

---

सायली_नि

वाचतेय. डेड वर्कबद्दल वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

घुग्गुसवाला

अबोलीताई, तुमच्या आजोबांना उत्तर मी देतो. मी चंद्रपूर जिल्ह्यातला. आमच्याकडे शेत गेलं की वरखाली सगळंच जातं, कारण खालचा कोळसा शेतकऱ्याचा नसतोच, तो सरकारचा. वेकोलिसाठी, म्हणजे सरकारी वेस्टर्न कोलफिल्ड्स कंपनीसाठी, जमीन घेतली की मोबदला मिळतो आणि जमिनीच्या बदल्यात नोकरी. त्या नोकरीसाठी भावाभावांत काय काय होतं ते लिहायला वेगळा धागा लागेल. पण खालचं तेवढं विकून वर राहायचं, असा सौदा आमच्याकडे होऊच शकत नाही.

माझे आजोबा राष्ट्रीयीकरणाआधी एका खासगी खदानीत लोडर होते. आम्ही खाण म्हणत नाही, खदानच म्हणतो. बिल्ल्याची गोष्ट वाचून थांबलो. आजोबांकडे टबाला, म्हणजे कोळशाच्या छोट्या गाडीला, लावायचं टोकन होतं. टब पूर्ण भरला नाही म्हणून पैसे कापायचे, ही तक्रार त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकली आहे. त्यांच्याबरोबर तेलंगणातले होते, छत्तीसगडचे होते, बिहारकडचे होते. दोन जगांत एकच टोकन कसं?

१९७१-७२ मध्ये कोकिंग, म्हणजे पोलादासाठी लागणाऱ्या, कोळशाच्या आणि १९७३ मध्ये बाकीच्या खदानी सरकारजमा झाल्या. बाबा त्यानंतर लागले. त्यांना टबावर नाही, महिन्यावर पगार मिळाला, क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला. सगळं गोड होतं असं म्हणत नाही, पण आजोबांच्या आणि बाबांच्या आयुष्यातला फरक मी घरात पाहिलाय.

एक तांत्रिक भर. इथे आणि तिथे दोन्हीकडे जमिनीखालची जुनी पद्धत एकच. कोळशात गल्ल्या कोरत जायचं आणि छत पेलायला कोळशाचेच खांब सोडायचे. शेवटी मागे येताना तेही खांब काढायचे. आमच्याकडे त्याला डिपिलरिंग म्हणतात. बाबा सांगायचे, तेव्हा छत आधी बोलतं. लाकडाचे टेकू करकरायला लागले की हातातलं टाकून पळायचं.

---

अबोली

घुग्गुसवाला, मनापासून आभार. छत बोलतं, हे माझे पेशंटही अगदी असंच सांगतात. आजोबा पुढच्या तपासणीला आले की तुमचं उत्तर सांगेन.

---

हिशोबनीस

लेख चांगला आहे, पण एक बाजू राहिली असं वाटतं. ज्या घळीत बैलगाडी जात नव्हती तिथे घर, शाळा, दुकान, वीज दुसऱ्या कोणी बांधली असती? बँक नव्हती, म्हणून स्क्रिप. आणि शेतीपेक्षा मजुरी बरी नसती तर इटली, हंगेरी, अलाबामाहून लोक आलेच नसते. कंपनी म्हणजे राक्षस, हे चित्र फार सोपं होतं.

---

अबोली

तुमचा मुद्दा बराचसा मान्य. मजुरीत रोख जास्त होतं, म्हणूनच माणसं आली. काही कंपनीगावं खरोखर चांगली होती. केंटकीतलं लिंच बघा. यू. एस. स्टीलच्या उपकंपनीने १९१७ पासून वसवलेलं. दगडी इमारती, इस्पितळ, शाळा, पाण्याचे नळ. भरात असताना १० हजारांच्या आसपास वस्ती. तिथे वाढलेले लोक आज ऐंशी-नव्वदीतही त्या गावाबद्दल जीव लावून बोलतात. दुकानांचे भावही सगळीकडे सारखे लुटीचे नव्हते. जवळ दुसरं गाव, दुसरं दुकान असलं की भाव बरे असत.

पण स्क्रिपचं कारण बँक नसणं एवढंच नव्हतं. स्क्रिप म्हणजे कमावलेल्या पगारावरची उचल. ती रोखीत बदलायला गेलं की नाण्यामागे काही सेंट कापले जात. शिवाय वेस्ट व्हर्जिनियातल्या १९१२ च्या संपातल्या मागण्या बघा. युनियनला मान्यता, वजनाच्या काट्यावर आमचाही माणूस, बाहेरच्या दुकानात खरेदीची मुभा, बंदूकधारी पहारेकरी हटवा. शाळा आणि नळ ज्यांना मिळाले त्यांनी जीव धोक्यात घालून या गोष्टी मागितल्या. त्यांना काय बोचत होतं ते यातून कळतं. चांगलं गाव मिळालं तरी ते आपलं नव्हतं. सरपंच निवडायची सोय नव्हती, घर विकत घ्यायची सोय नव्हती.

---

तीन_नद्या

पिट्सबर्गहून लिहितोय. इथल्या भट्ट्यांत जळलेला कोळसा या डोंगरांतूनच उतरला, त्यामुळे या विषयाची ओढ आहे. संपांचा भाग मी थोडा पुढे नेतो.

दोन वर्षांपूर्वी मेटवनला जाऊन आलो. टग फोर्क नदीच्या काठावरचं एवढंसं गाव, एकच मुख्य रस्ता. २०१५ मध्ये लोकांनी तिथे खाणयुद्धांचं छोटं संग्रहालय उभं केलंय. जुन्या टपाल कचेरीच्या विटांत गोळ्यांची भोकं अजून दाखवतात.

१९ मे १९२० ला बाल्डविन-फेल्ट्स नावाच्या खासगी गुप्तहेर कंपनीची माणसं तिथे युनियनवाल्यांची घरं खाली करायला आली. पावसात सामान बाहेर टाकून ती संध्याकाळच्या गाडीची वाट बघत होती. गावाचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड, स्वतः पूर्वी खाणकामगार. तो आणि महापौर टेस्टरमन त्यांना आडवे गेले. गोळीबारात दहा मेले. सात त्या कंपनीचे, एक महापौर, दोन खाणकामगार. खटल्यात हॅटफिल्ड सुटला. पुढे दुसऱ्या एका खटल्यासाठी वेल्चला गेला असताना, १ ऑगस्ट १९२१ ला, कोर्टाच्या पायऱ्यांवर बायकोच्या देखत त्याला आणि त्याचा साथीदार एड चेंबर्सला गोळ्या घातल्या. दोघं निःशस्त्र होते.

त्यानंतर महिना संपायच्या आत सुमारे १० हजार खाणकामगार गळ्यात लाल रुमाल बांधून लोगन परगण्याकडे निघाले. अनेकजण पहिल्या महायुद्धातून परतलेले. वाटेत ब्लेअर डोंगराच्या धारेवर शेरीफ डॉन चेफिनने मशीनगन लावून ठेवल्या होत्या. चेफिनला खाणमालकांकडून पैसे मिळत, हे तेव्हाही उघड होतं. कित्येक दिवस लढाई चालली. भाड्याच्या विमानांतून घरगुती बाँब टाकले गेले. शेवटी राष्ट्राध्यक्ष हार्डिंगने सैन्य पाठवलं, तेव्हा कामगारांनी बंदुका खाली ठेवल्या. त्यांचं भांडण खाणमालकांशी होतं. ज्या सैन्यात आपण होतो त्यावर गोळी कशी झाडायची, हा त्यांचा विचार.

पुढाऱ्यांवर देशद्रोहाचा खटला भरला. बिल ब्लिझार्ड ज्या कोर्टात निर्दोष सुटला, त्याच चार्ल्स टाउनच्या कोर्टात १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उठाव करणाऱ्या जॉन ब्राउनला फाशीची शिक्षा झाली होती. लढाई हरल्यावर या भागातून युनियन जवळपास उखडली गेली. ती परत आली १९३३ मध्ये, रूझवेल्टच्या काळात संघटनेचा हक्क कायद्यात आला तेव्हा.

वेस्ट व्हर्जिनियाच्या शाळांतून हा इतिहास कित्येक वर्षं शिकवलाच जात नव्हता, असं मला मेटवनमध्ये भेटलेल्या प्रत्येक वयस्क माणसाने सांगितलं. नातवंडांना लाल रुमालाचा अर्थ आजोबांनी घरात सांगितला, तोही दार लावून.

---

मुक्ता

दोन प्रश्न. बायका या सगळ्यात कुठे होत्या? आणि अलाबामाहून आलेल्या काळ्या कामगारांना खाणीत तरी बरोबरीने वागवलं का?

---

अबोली

मुक्ता, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते.

मॅकडॉवेल परगणा, म्हणजे वेल्च जिथे आहे तो, दक्षिणेकडून आलेल्या काळ्या माणसांसाठी त्या काळी आशेची जागा होती. कारण दोन. टनाचा दर गोऱ्या-काळ्याला सारखा होता आणि वेस्ट व्हर्जिनियात काळ्या पुरुषांना खरोखर मतदान करता येत होतं, जे दक्षिणेत अशक्य करून ठेवलं होतं. १९२८ मध्ये याच परगण्यातल्या कीस्टोन गावच्या मिनी बकिंगहॅम हार्पर यांची राज्याच्या विधिमंडळात नेमणूक झाली. अमेरिकेतल्या कुठल्याही विधिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या काळ्या महिला. घरं आणि शाळा मात्र वेगळ्या, आणि मुकादमाची जागा काळ्या माणसाला क्वचितच. युनियनची दारं सुरुवातीपासून सगळ्यांना उघडी होती, ब्लेअर डोंगरावरही दोघं एकत्र होते. पण यंत्रं आली तेव्हा सर्वांत आधी हाताने भरणारे लोडर गेले, आणि त्या कामात काळी माणसं जास्त होती. बरोबरीचा दर होता, पण यंत्र चालवायची जागा बरोबरीने वाटली गेली नाही.

बायकांबद्दल. खाणीत बाई उतरली की अपशकुन, असं मानत. त्यामुळे १९७० च्या दशकापर्यंत त्यांना आत कामच नव्हतं. पण कुठलाही संप घ्या, तंबूतला संसार त्यांचाच. १९७३-७४ मध्ये हार्लन परगण्यात ब्रुकसाइडच्या खाणीवर संप झाला. कोर्टाने फाटकावर मोजक्याच पुरुषांना उभं राहायची परवानगी दिली, तर बायका हातात काठ्या घेऊन पहाटे रस्त्यावर उभ्या राहिल्या.

मला मात्र सर्वांत जास्त आठवते ती विधवा ओली कोम्ब्स. नोव्हेंबर १९६५, केंटकीतला नॉट परगणा. तिच्या घरावरच्या उतारावर बुलडोझर चालला होता. जुना दस्त, खालचं दुसऱ्याचं. साठीची ही बाई मुलांना घेऊन वर चढली आणि यंत्रासमोर बसली. पोलिसांनी तिला हातापायाला धरून उचलून नेलं, त्याचा फोटो देशभर छापून आला. थँक्सगिव्हिंग सणाचं जेवण ती तुरुंगात जेवली. पुढच्याच वर्षी केंटकीत उघड्या खाणींवर कडक कायदा आला. देशभरासाठीचा कायदा यायला १९७७ उजाडलं.

---

बांधकरी

मी जलसंपदा खात्यातून निवृत्त झालेला स्थापत्य अभियंता. धाग्यात बफेलो क्रीकचा उल्लेख नाही म्हणून लिहितो. धरण सुरक्षेच्या प्रशिक्षणात हे प्रकरण आम्हाला शिकवलं होतं.

कोळसा धुतला की मागे दगड, चिखल आणि काळं पाणी उरतं. लोगन परगण्यात हा गाळ घळीच्या तोंडावर नुसता ओतत गेले आणि त्याच ढिगामागे पाणी साठवलं. असे तीन बंधारे एकावर एक. खाली पक्का पाया नाही, जादा पाण्याला पुरेसा सांडवा नाही. तिसरा बंधारा तर खालच्या गाळावरच उभा. याला बांध म्हणणं मला व्यवसायाशी प्रतारणा वाटते. आणि फुटायच्या चार दिवस आधी सरकारी तपासनीसाने तो समाधानकारक ठरवला होता.

२६ फेब्रुवारी १९७२, सकाळी आठ. पावसाने भरलेला वरचा बंधारा विरघळला. सुमारे १३ कोटी गॅलन काळं पाणी चिंचोळ्या दरीतून १६ वस्त्यांवरून गेलं. १२५ मृत्यू. दरीत ५ हजार लोक होते, त्यातले ४ हजार बेघर झाले. कंपनीच्या बाजूने त्याला 'देवाची करणी' म्हटलं गेलं. माझ्या प्रशिक्षकांनी हे वाक्य फळ्यावर लिहून वर्गाला विचारलं होतं, या संचिकेत देवाची सही कुठे आहे ते दाखवा. कोणीही बोललं नाही.

वाचलेल्यांनी खटला भरला आणि १९७४ मध्ये १ कोटी ३५ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्या दाव्यात घर आणि माणूस गेल्याबरोबरच शेजार गेला, हे नुकसानही मांडलं होतं. नंतर लोकांना रिकाम्या जागा होत्या तशा फिरत्या घरांच्या वसाहतींत टाकलं, जुने शेजारी पुन्हा शेजारी झालेच नाहीत. पुनर्वसनाचं काम मी तीस वर्षं जवळून पाहिलं आहे. याद्यांमध्ये घरांचे क्रमांक असतात, शेजार नसतो.

---

सायली_नि

बांधकरीकाका, शेवटचं वाक्य वाचून आमचं बुडालेलं गाव आठवलं. आजी नव्या गावठाणात दहा वर्षं राहिली, पण पाण्याला गेली की रोज जुन्याच शेजारणीचं नाव घ्यायची.

---

हिशोबनीस

अबोली, यंत्रांचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. १९५० नंतर युनियन बलवान होती, पगार चांगले होते. तरी गावं ओस का पडली?

---

अबोली

हा भाग मला सगळ्यात जड गेला, कारण यात कोणाला दोष द्यावा ते पटकन ठरत नाही.

युनियनचे अध्यक्ष जॉन एल. लुईस, १९२० ते १९६० चाळीस वर्षं. १९४६ च्या संपात सरकारने खाणी ताब्यात घेतल्या आणि करार झाला की प्रत्येक टनामागे पाच सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत जातील. पुढे ते चाळीस सेंटपर्यंत गेले. त्या पैशातून केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात दहा इस्पितळं उभी राहिली. पाठीचा कणा मोडून वर्षानुवर्षं घरात पडलेली माणसं डोंगरातून खाली आणून त्यांच्यावर उपचार झाले. माझ्या क्षेत्रातले जुने लोक त्या इस्पितळांबद्दल आजही आदराने बोलतात.

पण निधी टनावर चालत होता. १९५० च्या करारात लुईसनी यंत्रांना वाट मोकळी करून दिली. माणसं कमी असली तरी चालेल, जी असतील त्यांना उत्तम पगार आणि औषधपाणी मिळावं, असं त्यांचं गणित. वेस्ट व्हर्जिनियातले खाणकामगार दहा-बारा वर्षांत सव्वा लाखांवरून पन्नास हजारांच्या खाली आले. ज्याची नोकरी गेली त्याचं दवाखान्याचं कार्डही गेलं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला निधी आटला आणि ती इस्पितळं विकायला काढली.

माणसं उत्तरेला गेली. डेट्रॉइट, सिनसिनाटी, डेटन, शिकागो. शुक्रवारी रात्री गाडी भरून डोंगरात परत आणि रविवारी पुन्हा कारखान्याकडे, अशी एक पिढी गेली. चाकरमान्यांच्या एसटीत वाढलेल्या मला हे समजावून घ्यायला फार कष्ट पडले नाहीत. मॅकडॉवेल परगण्यात १९५० मध्ये ९८,८८७ माणसं होती. २०२० मध्ये १९,१११. नव्या अन्नकुपन योजनेची देशातली पहिली कुपनं २९ मे १९६१ ला याच परगण्यातल्या वेल्चमध्ये दिली गेली. ज्या परगण्यांनी देशाला सर्वांत जास्त कोळसा पुरवला त्यांपैकी एक तो.

आणि जे खाणीत राहिले त्यांच्या वाट्याला धूळ आली. कोळसा सलग कातरणारं नवं यंत्र हाताच्या कामापेक्षा कितीतरी बारीक धूळ उडवतं. कंपनीचे डॉक्टर छातीला 'खाणकामगाराचा दमा' म्हणून घरी पाठवायचे. नोव्हेंबर १९६८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनला खाणीतल्या स्फोटात ७८ माणसं गेली, ते देशाने दूरदर्शनवर पाहिलं. पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियाच्या ४० हजार कामगारांनी काम सोडलं आणि त्यातले काही राज्याच्या राजधानीत धडकले. मागणी पगाराची नव्हती, फुप्फुसांची होती. त्याच वर्षी देशाचा कायदा आला. धुळीवर मर्यादा, आणि ब्लॅक लंग झालेल्याला भरपाई.

नव्वदच्या दशकात आमच्या क्षेत्रातल्या लोकांना वाटत होतं की हा आजार संपत आला. मग २०१८ मध्ये व्हर्जिनियाच्या नैऋत्येतल्या फक्त तीन दवाखान्यांतून ४१६ रुग्ण नोंदले गेले, सगळे सर्वांत गंभीर अवस्थेतले. जाड थर संपले. आता दोन-अडीच फुटांच्या कोळशासाठी वरखालचा वालुकाश्म कापतात आणि त्यातली सिलिका थेट छातीत जाते. धूळ मोजायचा पंप अंगावर लावून मग तो जॅकेटखाली झाकायला सांगायचे, असं मला एकाहून अधिक पेशंटनी सांगितलंय. नोकरी हवी म्हणून ते झाकायचे. हे सांगताना माणूस माझ्याकडे बघत नाही, हातातल्या टोपीकडे बघतो.

---

तीन_नद्या

हार्लनची २०१९ ची घटना इथे नोंदवतो. ब्लॅकज्युअल कंपनी रातोरात दिवाळखोरीत गेली, कामगारांचे पगाराचे धनादेश परत आले. तेव्हा काहीजण कोळशाने भरलेल्या आगगाडीसमोर रुळावर जाऊन बसले. 'पैसे नाहीत तर कोळसा नाही.' तंबू पडले, बायकामुलं आली, शेजारपाजारचे जेवण घेऊन आले. जवळजवळ दोन महिने. त्या खाणीत युनियन नव्हती. हे कसं करायचं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आजी-आजोबांकडून ऐकलं होतं तेवढंच.

---

घुग्गुसवाला

अबोलीताई, एक विचारायचं होतं. बाबा निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली. जिना चढताना थांबतात. गावातले डॉक्टर दमा म्हणतात आणि पंप देतात. तुमचं 'खाणकामगाराचा दमा' वाचून रात्रभर झोप लागली नाही.

---

अबोली

घाबरू नका, पण थांबूही नका. छातीचा एक्स-रे आणि श्वसनचाचणी दोन्ही करून घ्या. एक्स-रे अशा डॉक्टरला दाखवा ज्याला खाणीतली फुप्फुसं वाचायची सवय आहे. बाबा किती वर्षं जमिनीखाली होते, कुठल्या कामावर होते, छताला भोकं पाडायचं काम कधी केलं का, हे एका कागदावर लिहून सोबत न्या. कोळशाच्या धुळीने होणारा आजार आपल्याकडेही कायद्याने नोंद करायच्या आजारांत आहे.

आणि कागद जपा. हजेरीपत्रक, ओळखपत्र, बदलीचे आदेश, पगाराच्या स्लिपा, जे असेल ते. इथे मी माणसं पाहिली आहेत ज्यांची फुप्फुसं दगड झाली होती, पण अर्ज वर्षानुवर्षं रखडला, कारण ज्या खाणीत ते खपले ती कंपनी बंद पडली आणि तिथे काम केल्याचा पुरावा उरला नव्हता.

---

घुग्गुसवाला

बाबांची पत्र्याची पेटी काल उघडली. १९७८ पासूनच्या स्लिपा आहेत, आईने सुतळीने वर्षवार बांधून ठेवलेल्या. तळाशी आजोबांचं टोकनही सापडलं. नंबर अजून वाचता येतो. गुरुवारी नागपूरला चाचणी आहे.